धुण्याचा सोडा: किती, कशात आणि कुठल्या पाण्यात

पुसदकडचं माहेर आणि दर्यापूर तालुक्यात सासर असलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: "माहेरी आई विहिरीच्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायची आणि धोतरं, चादरी लख्ख निघायच्या. इथे मी तेवढाच टाकते, तर फेस येत नाही. पांढरे कपडे राखाडी पडलेत, टॉवेल पापडासारखे कडक झालेत आणि बोटांची सालं निघतात. सोड्यात भेसळ आहे का? नेमका किती घालायचा? घराच्या साफसफाईला चालतो का? आणि खायच्या सोड्यापासून तो घरी करता येतो म्हणतात, ते खरं का?"

ताई, सोड्यावर संशय घेऊ नका. तुमचं पाणी बदललं आहे.

मी वरठ्याच्या, म्हणजे धोब्याच्या घरातला. वडील पूर्णेच्या काठी धुणं धुवायचे, मी तालुक्याच्या गावी लाँड्री चालवतो, त्याला ३१ वर्षं झाली. वसतिगृहाच्या चादरी, मंगल कार्यालयाच्या सतरंज्या, दवाखान्याचे कपडे, सगळं या हातांखालून गेलं. वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: "सोडा पयले पान्याले लागते, मंग मयाले लागते." म्हणजे टाकलेल्या सोड्यातला पहिला हिस्सा पाणी खातं, उरलेला मळाच्या वाट्याला येतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर इथूनच सुरू होतं.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशी जुळला की फेस होण्याऐवजी चिकट, राखाडी साका तयार होतो. बादलीच्या कडेला बोटाने खरवडता येतो तोच. तो कपड्याच्या धाग्यात बसला की पांढरा कपडा मळका दिसू लागतो, कितीही घासला तरी. जड पाणी ओळखायला तुम्हाला माझी गरज नाही, स्वयंपाकघरात ते रोज ओळखता: ज्या पाण्यात वरणाची तुरीची डाळ लवकर शिजत नाही, दाणा टणक राहतो, ते पाणी जड. डाळीला जे क्षार आवळून धरतात तेच साबणालाही धरतात. धुण्याचा सोडा त्या क्षारांना पाण्यातून बाहेर काढतो. कॅल्शियम पांढऱ्या चुन्यासारख्या भुकटीच्या रूपाने खाली बसतं आणि साबण मोकळा होतो. पाणी नुसतं उकळून काही प्रकारचा जडपणा जातो, पण सगळा नाही. सोड्याने दोन्ही प्रकारचा जातो.

माहेरी हेच होत होतं. पुसदच्या बाजूला काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी जड असलं तरी बहुतेक गोडं असतं. दर्यापूर मात्र खारपाणपट्ट्यात येतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्याचा हा पट्टा, इथे जमिनीखालच्या पाण्यात मीठच मुरलेलं आहे. जडपणा आणि खारटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घरांत इथेच गल्लत होते. जडपणावर सोडा चालतो. मिठावर चालत नाही, कारण सोड्यातही सोडियमच आहे आणि मिठातही सोडियमच. खाऱ्या पाण्यात साबण नीट विरघळत नाही, म्हणून फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून आपण आणखी सोडा टाकतो. तो वरचा सोडा मग मळाला लागत नाही, पाण्याला लागत नाही, तो लागतो तुमच्या हातांना. तुमच्या बोटांची सालं निघाली ती अशी. सोड्याचं पाणी बोटांत बुळबुळीत लागतं ना, ते कातडीचं तेल निघून चाललेलं असतं.

आता एक परीक्षा करून पाहा, घरात १ तास लागेल. एकसारख्या ३ काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. पहिलीत पावसाचं धरून ठेवलेलं किंवा फिल्टर प्लँटवरच्या जारचं पाणी अर्धी बाटली. दुसरीत तुमच्या बोअरचं पाणी तेवढंच. तिसरीतही बोअरचंच, पण त्यात दोन चिमटी सोडा घालून हलवा आणि अर्धा तास ठेवून द्या. मग तिन्हींत किसलेला साबण सारखाच, चिमूटभर घाला आणि जोरात हलवा. साबण खरा साबण हवा. बहुतेक निळ्या-हिरव्या वड्या डिटर्जंटच्या असतात, त्यांनी ही परीक्षा फसते, वेष्टणावर वाचून घ्या. पहिल्या बाटलीत फेस उभा राहील. दुसरीत बहुधा ताकासारखं गढूळ पाणी आणि वर साका दिसेल. खरं सांगणारी बाटली तिसरी. सोडा घातल्यावर ती दुधट झाली आणि नंतर फेस धरला, तर तुमचं पाणी मुख्यतः जड आहे, सोडा उपयोगी पडेल. दुधट झालीच नाही किंवा होऊनही फेस पडलेलाच राहिला, तर पाण्यात मीठ जास्त आहे. अशा पाण्यासाठी साबण सोडून डिटर्जंट पावडर वापरा, सोडा नावापुरता ठेवा आणि शेवटचं खंगाळणं शक्य तितक्या गोड्या पाण्यात करा. खाऱ्या पाण्यातून निघालेला कपडा वाळला तरी मीठ धाग्यात राहतं. म्हणून तो उन्हाळ्यात कडक होतो आणि पावसाळ्यात अंगावर दमट लागतो.

किती घालायचा, याला "मूठभर" हे उत्तर पुरत नाही. दुकानात सोडा दोन रूपांत मिळतो. काचेसारखे पाणीदार खडे आणि पांढरी कोरडी भुकटी. खड्यांच्या वजनात सुमारे ६३ टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम खड्यांत खरा सोडा ३७ ग्रॅम. तेच खडे उघडे राहिले की हवेत पाणी सोडतात आणि त्यांच्यावर पीठ धरतं. लोकांना वाटतं सोडा उतरला, आणि ते जास्त घालतात. उलट आहे, पीठ झालेला सोडा वजनाला वजन जास्त तेज असतो. खड्याच्या जागी कोरडी भुकटी घेतली तर वजन पावणेतीन पटीने कमी घ्यायचं.

आता हिशेब. पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागितला तर त्यात 'एकूण कठीणपणा' किंवा 'हार्डनेस' असा आकडा असतो, दर लिटरला मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो २०० पर्यंत असावा असं आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी ३०० आहे. २० लिटरच्या बादलीतला जडपणा मारायलाच साडेसहा ग्रॅमच्या आसपास कोरडा सोडा लागतो, खडे असतील तर १७ ग्रॅम. मळासाठी वर तेवढाच. म्हणजे बादलीला १२ ते १५ ग्रॅम भुकटी किंवा ३५ ते ४० ग्रॅम खडे. पाणी ६०० चं असेल तर पाण्याचा हिस्सा दुप्पट करा, मळाचा तेवढाच ठेवा. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा १५ ग्रॅम तोलून आणा, घरच्या चमच्यात भरून बघा किती चमचे होतात, आणि तो चमचा सोड्याच्या डब्यातच राहू द्या. एक लक्षात असू द्या, स्वस्त वॉशिंग पावडरीत आधीच भरपूर सोडा असतो. ती वापरत असाल तर मळाचा हिस्सा धरायचाच नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग ढवळत ढवळत सोडा, मग थांबणं, आणि शेवटी साबण व कपडे. सोड्याच्या भुकटीवर वरून पाणी ओतलं तर तिचा दगडासारखा गोळा होतो, थंडीच्या दिवसांत तर काठीने फोडावा लागतो. सोडा विरघळल्यावर १५-२० मिनिटं पाणी तसंच राहू द्या. पाणी फारच जड असेल तर रात्री ड्रममध्ये सोडा घालून ठेवा, सकाळी तळाला पांढरा थर बसलेला दिसेल, तो न ढवळता वरचं निवळ पाणी मगाने काढून घ्या. नाहीतर तोच चुना कपड्यावर बसतो. तुमच्या टॉवेलचं कडकपण अर्धं मिठाचं आणि अर्धं याचं, असा माझा अंदाज. गरम पाण्यात सोडा दुप्पट जोमाने काम करतो, मॅग्नेशियम तर थंड पाण्यात लवकर सुटतच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. चादरी, वाकळी, गोधड्या त्या दिवसांत काढा, जळण लागणार नाही.

वडिलांची भट्टी मी लहानपणी पाहिली आहे. कपडे सोड्याच्या पाण्यात बुडवून, पिळून, तांब्याच्या भांड्याच्या तोंडाभोवती गोल रचायचे. खाली मंद जाळ, आणि रात्रभर त्यातून वाफ फिरायची. पहाटे त्या ढिगातून ओल्या सुताचा आणि राखेचा मिळून एक वास यायचा, तो वास आला की वडील म्हणायचे, "झालं, उतरवा." तशी भट्टी आता आमच्याकडे कुणी लावत नाही. पण मळ काढतात वाफ, सोडा आणि वेळ, जोर लावून आपटणं नव्हे, हे मी तिथे शिकलो. आजोबांच्या तोंडी लोणारच्या खाराचं नाव असायचं. लोणारच्या सरोवराचं पाणी मुळात सोड्याचंच आहे, आणि अकबराच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी'तही तिथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. आजचा सोडा कारखान्यात मीठ आणि चुनखडीपासून बनतो.

राखाडी पडलेले पांढरे सुती कपडे परत आणता येतात, पण दोन वेगळ्या पायऱ्यांत. आधी धाग्यातला चुना आणि साबणाचा साका सोडवायचा. त्याला आंबट लागतं. बादलीभर साध्या पाण्यात किराण्यात मिळणारं लिंबूसत्व ३ चमचे विरघळवा आणि कपडे तासभर भिजत ठेवा. स्वच्छ खंगाळा. मग दुसऱ्या बादलीत गरम पाणी, सोडा आणि डिटर्जंट, रात्रभर. सकाळी धुवून कडक उन्हात टाका. एका खेपेत पूर्ण जाणार नाही, दोन-तीन खेपा लागतील. हे दोन्ही एकाच बादलीत कधी घालू नका. सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र केले की जोरात फसफसतं, बघणाऱ्याला वाटतं केवढी सफाई चालली आहे. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना संपवत असतात आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी.

सोडा कशाला लावायचा नाही, हे माझ्याकडून एका गिऱ्हाइकाच्या नुकसानीतून पक्कं झालं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी भंडाऱ्याकडची टसरची साडी माझ्याकडे आली होती. काठाला तेलाचा डाग होता. मी कोमट सोड्यात तासभर ठेवली. डाग गेला, पण वाळल्यावर साडी हातात घेतली तर टसरची ती मधासारखी चमक गेलेली, कापड गोणपाटासारखं निर्जीव. त्या बाईंनी एक शब्द काढला नाही, साडी उलटीसुलटी करून बघितली आणि घडी घालून घेऊन गेल्या. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. रेशीम, टसर, लोकर, घोंगडी हे सगळं जनावराच्या अंगातून आलेलं सूत. सोडा त्यालाच खातो. कोशावरचा डिंक काढायला कारागीर साबण-सोड्याचं पाणी वापरतात, पण मोजून-मापून. आपण ते घरी करायला जाऊ नये. गडद रंगाचं नवं सुती कापडही आधी एका कोपऱ्यावर तपासून घ्या.

लग्नसराईत हळदीचे डाग येतात, त्याचं एक सांगतो. हळदीच्या डागावर सोडा पडला की तो डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो, कुंकू सांडल्यासारखा. बायका घाबरतात. कपडा खराब झालेला नसतो, हळदीचा रंग सोड्यात लाल होतोच. भरपूर पाण्यात खंगाळा, पुन्हा पिवळा होईल, आणि मग उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-तीन दिवसांत डाग फिका पडतो. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात. गंजाच्या डागाला सोड्याने काही होत नाही. आणि बिब्ब्याचा डाग तर कशानेच जात नाही, म्हणूनच आमची जुनी माणसं कपड्यांवर खुणा बिब्ब्याने घालायची.

घरकामाकडे येऊ. तेल, तूप, काजळी, चिकट धूर यांवर सोडा उत्तम. चुलीमागच्या ऑइल पेंटच्या भिंतीवरचा पिवळा चिकट थर, पंख्याची पाती, लोखंडी कढईबाहेरचा जळका तेलाचा थर, न्हाणीच्या मोरीत साचलेली चरबी, या सगळ्यांना गरम पाण्यात सोडा, लिटरला एक मोठा चमचा. रंगाच्या भिंतीवर निम्मा घ्या आणि लगेच साध्या पाण्याने पुसा, नाहीतर रंगाची चमक जाते. शहाबादी फरशीसाठी मी सोड्याचाच आग्रह धरतो. ती फरशी चुनखडीची आहे. ॲसिड टाकलं की ती फसफसते, म्हणजे फरशीच विरघळत असते, वर्षभरात खरबरीत होऊन आणखी मळ धरते. सोड्याने तिला काही होत नाही. पण बादलीला, नळाला, गिझरला जो पांढरा दगडी थर बसतो तो सोड्याने निघणार नाही, कारण तो त्याच कुळातला आहे. तिथे लिंबूसत्व. तांब्या-पितळेच्या हंडे-गुंडांना आपली चिंचच बरी.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा अजिबात नको. आमच्याकडच्या एका नव्या पोराने जर्मनचं मोठं पातेलं उजळायला म्हणून त्यात सोडा घालून चुलीवर ठेवला. मी पोचलो तेव्हा पाणी अजून उकळलं नव्हतं, तरी तळापासून बारीक बुडबुड्यांच्या रांगा उठत होत्या. धातूच विरत होता. ओतून बघितलं तर पातेलं आतून काळंकुट्ट आणि बोटाला बारीक खड्डे लागत होते. हे बुडबुडे पेट घेणाऱ्या वायूचे असतात, तेव्हा चुलीजवळ तर हा प्रयोग नकोच. नॉनस्टिक आणि वार्निशचं लाकूडही सोड्यापासून लांब ठेवा.

खायच्या सोड्यापासून धुण्याचा सोडा होतो, हे खरं. लोखंडी कढईत मध्यम आचेवर परतत राहिलं की तो आधी पाण्यासारखा खदखदतो, कारण त्यातून वाफ आणि वायू निघतो. खदखद थांबली की झाला. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरतात. पण खायचा सोडा महाग, धुण्याचा स्वस्त, आणि जळण वेगळं. दुकान बंद असेल तर करा, एरवी नको. तिसरा कॉस्टिक सोडा, तो या दोघांहून कितीतरी जहाल, कातडी जाळतो. दुकानदाराला नुसतं "सोडा द्या" म्हणू नका. आणि घरी आणल्यावर धुण्याचा सोडा मिठाच्या, खायच्या सोड्याच्या फळीवर ठेवू नका. तिन्ही पांढरे, तिन्ही प्लास्टिकच्या पिशवीत. झाकणाच्या डब्यावर ठळक नाव लिहून न्हाणीत उंचावर ठेवा. डोळ्यांत उडाला तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. पोराने गिळला तर ओकारी काढू नका, लिंबू पाजू नका, चूळ भरायला लावा आणि लगेच न्या.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण कापसाच्या गावात ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात कालवू नका. सोडा टाकला की विष मरतं असा एक समज आहे. काही औषधं सोड्यात लवकर मोडतात हे खरं, पण सगळी नाही, आणि ट्रायक्लोरफॉनसारखं एखादं तर सोड्याने जास्त विषारी डायक्लोरव्हॉसमध्ये बदलतं. त्यामुळे सोड्यावर भरवसा नको. रबरी हातमोजे घाला, कपडे त्याच दिवशी वेगळ्या बादलीत, आधी नुसत्या पाण्याने आणि मग गरम पाण्यात डिटर्जंटने दोनदा धुवा, वेगळ्या दोरीवर उन्हात वाळवा. बादलीही धुवा. औषध अंगावर सांडून कपडा चिंब भिजला असेल, तर तो धुवू नका, टाकून द्या.

धुण्याचं सोडामिश्रित पाणी कढीपत्त्याला, भाजीच्या वाफ्याला सोडू नका. सोडियमने काळी माती चिकट होते, पाणी पीत नाही, आपण तिला चोपण म्हणतो. तुमच्या पट्ट्यात जमीन आधीच त्या वाटेवर आहे, तिच्यावर आणखी ओझं नको. ते पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या.

हाताला सध्या धुणं झाल्यावर साध्या पाण्याने धुवून खोबरेल तेल लावा, आणि हा आठवडा सोडा पूर्ण बंद ठेवून डिटर्जंटवरच भागवा. तेवढ्यात त्या ३ बाटल्यांची परीक्षा होईल. तिसऱ्या बाटलीत पाणी दुधट झालं की नाही आणि फेस किती बोटं उभा राहिला, एवढं कळवा. मग तुमच्या बोअरच्या पाण्याला किती ग्रॅम, ते मी नेमकं सांगू शकेन.